रस्सीची गाठ

आमचे घरमालक रूमी टोपी घालत आणि ती हनुवटीखाली दोरीने बांधत. तान्ह्या मुलाच्या कुंचीला बंद असतात तशी. साठी उलटलेला, कोर्टात पेशकार म्हणून सारी उमर घालवलेला, पांढरी दाढी नीट कातरलेला माणूस गुलमंडीवरून निघाला की पोरे मागून ओरडत, "चाचा, टोपी गई!" आणि ते खरोखर थांबून दोन्ही हातांनी टोपी चाचपत. पोरे रोज तीच, थट्टा रोज तीच, आणि चाचांचे दचकणेही रोज खरे.

त्यांना वाऱ्याची भीती होती. माणसाला सापाची असते, पाण्याची असते, तशी यांना वाऱ्याची. का ते त्यांनी कधी सांगितले नाही. "वारा कुणाचा सालगडी नाय, मुन्शी," एवढेच म्हणत. "आज तुझ्या आंगनातला पाला गोळा करंल, उद्या तुझंच छप्पर उचलंल. त्याला जाब विचारनारा कोन?"

मी तेव्हा एका वकिलाकडे मुन्शी होतो, म्हणून सारे मला मुन्शीच म्हणत. देवगाव रंगारीहून नवी बायको घेऊन औरंगाबादेत आलो होतो. निजामाचे राज्य होते, कोर्टाचे सारे काम उर्दूत चाले, आणि माझे उर्दू कच्चे होते. चाचांनी मला अर्ज लिहायला शिकवले आणि राहायला आपल्या घराच्या मागच्या दोन खोल्या दिल्या. पुढच्या भागात ते आणि त्यांची विधवा थोरली बहीण राहत. ते तिला आपा म्हणत, म्हणून आम्हीही आपाच म्हणायचो.

घरात बांधलेली नाही अशी वस्तू नव्हती. तांब्या रांजणाला, छत्री खाटेच्या पायाला, चष्मा शेरवानीच्या गुंडीला. नमाजाला उभे राहण्याआधी ते चपलांची जोडी एकमेकींना बांधून ठेवत. माझी बायको एकदा हसून म्हणाली, "चाचा, अल्लावर भरोसा नाय का तुमचा?"

"अल्लावर हाय, बेटी," ते म्हणाले. "चपलांवर नाय."

बांधत मात्र ते फक्त सुरगाठ. एक टोक बाहेर ठेवायचे, ते ओढले की सारे मोकळे. त्या टोकाला ते शेपूट म्हणत. कोर्टात मिसलींचे, म्हणजे खटल्यांच्या कागदांचे, बस्ते बांधून त्यांची बोटे तयार झाली होती. साहेबाने नुसते शेपूट ओढावे आणि बस्ता उघडावा, असा त्यांचा लौकिक होता. मी काही करकचून बांधले की ते उठून यायचे, न बोलता सोडवायचे आणि पुन्हा बांधायचे. "जी सोडवायला दात लावावे लागतात ती बांधनी नाय, मुन्शी, दुश्मनी हाय."

आपा आतून ऐकत असायच्या. त्या पडद्यात राहत, पण त्यांच्या जिभेला पडदा नव्हता. "इसका निकाह भी ऐसाच बांधा था," त्या आतून म्हणायच्या. "दुल्हननं शेपूट ओढलं अन् चाल्ली माहेरी!" मग स्वतःच इतक्या हसायच्या की त्यांना ठसका लागायचा. चाचा खाली मान घालून सुतळी वळत बसायचे. त्यांची बायको लग्नानंतर वर्षाच्या आत माहेरी गेली ती परत आली नव्हती. हे आम्हाला आपांच्याच हसण्यातून कळले.

माझ्या बायकोला दिवस गेले तेव्हा आपा रोज काहीतरी करून पाठवायच्या. वाटीवर फडके, फडक्यावर दोरी, दोरीला शेपूट. "माझी नाय, त्याची कारागिरी हाय," असा निरोप वाटीबरोबर यायचा.

त्या साली माघ सरता सरता शहरात उंदीर पडू लागले.

प्लेग म्हणजे काय हे आज पोराबाळांना सांगावे लागते. तेव्हा सांगावे लागत नसे. गल्लीत एक उंदीर झिंगत येऊन भर उन्हात मरून पडला की त्या गल्लीतल्या बायका भांडी आवरू लागत. आठवड्याभरात निम्मे शहर बाहेर पडले. खाम नदी ओलांडून, छावणीच्या अलीकडच्या उघड्या माळावर, कोणी तट्ट्यांची झोपडी केली, कोणी लुगड्यांचा आडोसा केला. चाचांजवळ मोठी ताडपत्री होती. कधीतरी छावणीतल्या लिलावात घेतलेली, वर्षानुवर्षे गुंडाळून ठेवलेली. "तुम्ही दोघं आमच्याबरोबरच," ते म्हणाले. मी नको म्हणालो नाही. बायकोला सातवा चालला होता आणि माझ्याकडे दोन चादरी सोडून काही नव्हते.

पाल उभारायला सारा दिवस गेला. दोन खांब, त्यांवर आडवी जड बल्ली, बल्लीवर ताडपत्री, आणि कडेकडेने रश्श्या खाली आणून मेखांना बांधलेल्या. मेखा मी ठोकल्या. बांधू मात्र त्यांनी मला एकही दिली नाही. प्रत्येक रस्सी बांधून झाली की तिच्याशी कान नेऊन ती बोटाने छेडायचे, तंबोऱ्याची तार छेडावी तशी. मग शेपूट ओढून सोडायचे आणि पुन्हा बांधायचे. मध्ये चादरीचा पडदा लावून पालाचे दोन भाग केले. पश्चिमेचे तोंड आपांकडे, पूर्वेचे आमच्याकडे.

त्याच संध्याकाळी त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून एक कायदा सांगितला. माळावर असेपर्यंत कोणी 'गाठ' हा शब्द उच्चारायचा नाही.

आमच्याकडे प्लेगला प्लेग कोणी म्हणत नसे. गाठीचा रोग म्हणत. काखेत नाही तर जांघेत गाठ यायची. माळावर कोणाला ताप आला तर शेजारी कान टवकारत. 'गाठ' हा शब्द कानी पडला की चौकीवर जाऊन सांगत आणि मग गाडी यायची. लोक घाबरू नयेत म्हणून त्या गाडीच्या बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढल्या होत्या. झाले उलटेच. घुंगरांचा आवाज न करता एखादी साधी गवताची गाडी जरी आली तरी माळ चिडीचूप व्हायचा. माळाच्या पलीकडच्या टोकाला रोग्यांच्या झोपड्या होत्या. तिकडे गेलेले माणूस परत आलेले मी पाहिले नव्हते. आणि रोग्याबरोबर एका छपराखाली जे राहत होते त्यांनाही तिकडेच नेत.

"रस्सीला असते ती गिरह," चाचा म्हणाले. "आजपासून गिरहच म्हनायचं."

"अन् लग्नगाठीला?" बायकोने विचारले.

"लगीनगिरह."

ती पदर तोंडाला लावून हसली. चाचा हसले नाहीत. पडद्याआडून आपा म्हणाल्या, "इसकी तो सुटीच हुई है, बोलने दो."

पाडव्याच्या आदल्या दिवशी एक विकणारा साखरेच्या माळा काठीला लटकवून माळावर आला. दरवर्षी ओरडतो तसाच त्या बिचाऱ्याने हाळी दिली, "गाठी घ्या, गाऽऽठी!" आणि त्याच्या पुढची सगळी पाले एकाएकी गप्प झाली. एका बाईने पोराला ओढून आत घेतले. चाचा टोपी सावरत धावत गेले आणि त्याचा दंड धरला. "मियाँ, मरायचं हाय काय? हार म्हन, हार!" तो गोंधळला. मग पुढे "साखरेचे हार" असे ओरडत गेला आणि लोकांनी पाडवा केला. मला तेव्हा चाचांचे हसू आले होते. पण रोज सकाळी जाग आली की मीही आधी काखेत हात घालत असे आणि मग देवाचे नाव घेत असे. त्या माळावर सगळेच तसे करत. एकमेकांकडे न बघता.

पाडवा झाला आणि आपांना ताप आला. चाचांनी बाहेर सांगितले, टोचल्याचा ताप आहे. दवाखान्याची माणसे लस टोचायला येत असत, त्याने बऱ्याच जणांना ताप भरायचा, त्यामुळे शेजाऱ्यांनी ऐकून घेतले. शेजारच्या पालात लासूर स्टेशनचा एक अडत्या आपल्या मोठ्या कुटुंबासह राहत होता. त्याने दोनदा विचारले, "टोचल्याचाच ना, चाचा?" चाचा म्हणाले, "तर कशाचा?"

दुसऱ्या दिवशी दुपारी छावणीच्या वर आभाळ पिवळे झाले.

मी कोर्टाच्या कामाला सुट्टी असल्याने पालापाशीच होतो. बायको इतर बायकांबरोबर पाण्याला गेली होती. चाचा बाहेर आले, पश्चिमेकडे बघितले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे रक्त उतरलेले मला दिसले. मग मात्र ते भराभर फिरले, एकेक रस्सी सोडून पुन्हा बांधली. पश्चिमेच्या कोपऱ्याशी मला उभे केले. तिथली रस्सी माझ्यासमोर त्यांनी स्वतः बांधली.

"नीट ऐक. वारा तोंडातून आत शिरला की पाल फुगतं अन् बल्ली खाली येते. खाली आपा हाय. मी 'सोड' म्हनलो की शेपूट ओढायचं. पाल उडू दे, फाटू दे. आधी नाय, मागून नाय. कळलं?"

"कळलं."

"भ्यायचं नाय. ही कधी अडत नाय."

ते आत जाऊन मधल्या खांबाला मिठी मारून उभे राहिले.

यापुढचे आधी मी तसे लिहितो, जसे पुढे वीस-पंचवीस वर्षे लोकांना सांगत आलो. वावटळ आली. धुळीने समोरचा हात दिसेना. पाल फुगू लागले, बल्ली कुरकुरली. आतून चाचा ओरडले, "सोड! सोड रे!" मी शेपूट ओढले, पण गाठ बसली होती, सुटेना. म्हणून मी जीव तोडून ओरडलो, की चाचा, आपांच्या बाजूची गाठ बसलीय. वाऱ्याने माझे निम्मे शब्द नेले. लोकांना ऐकू गेले ते एवढेच: "आपा! गाठ! गाठ!"

मग पाल उडाले. बल्ली एका बाजूने घसरली, पण चाचांच्या खांद्यावर, आपांवर नाही. पाव तासात सारे शांत झाले. माळभर फडकी, परड्या, चुलींची राख. माझी बायको धावत आली, मी सुखरूप आहे हे बघून खाली बसली आणि रडू लागली. चाचा खांदा धरून ताडपत्री आपांवर ओढत होते, त्यांना कोणी उघड्यावर पाहू नये म्हणून.   आपा गप्प, हे मी पहिल्यांदा पाहत होतो.

आवरून उभा राहिलो तेव्हा दिसले की आमच्या भोवतीची जागा मोकळी होत होती. अडत्याची बायको पेटती चूल तशीच टाकून पोरांना घेऊन लांब गेली होती. अडत्या स्वतः दिसत नव्हता.

ऊन कलताना गाडी आली. घुंगरांशिवाय.

बरोबर एक जमादार होता, नाकाला फडके बांधलेला. तो लांबूनच ओरडला, "किसको गांठ आई?"

"कोनाला नाय," चाचा म्हणाले. "रस्सीचं काम चाललं होतं, मियाँ. पोरगा रस्सीबद्दल ओरडला."

"बुखार है ना अंदर?"

"टोचल्याचा हाय."

"तो देख लेते."

"औरत जात हाय. पडद्यातली हाय. तू बघनार?"

जमादार वाईट माणूस नव्हता. तो जरा थांबला. म्हणाला, नर्सबाई पलीकडच्या झोपड्यांत असते, ती इकडे येत नाही, तपासायचे तर तिकडेच न्यावे लागेल. मग त्याने माझ्याकडे बघितले. "चिल्लाया कौन था? तुम? तुम बोलो, क्या देखा?"

तेव्हा मी बोलायला हवे होते. 'रस्सीची गाठ होती' एवढे म्हटले असते तर कदाचित तो गाडी फिरवून गेला असता. कदाचित नसताही गेला. पण बोललो की पुढचा प्रश्न येणार होता, तू कुठे राहतोस? माझ्या बायकोने माझा सदरा मागून मुठीत धरला होता. 

जमादाराने तो प्रश्न विचारलाच. "तुम भी इसी पाल में?"

"नाय, नाय," चाचा चटकन म्हणाले. "हे बाजूचे. वारा आला म्हनून मदतीला आले होते. यांचा आमचा काही संबंध नाय."

मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही.

आपा स्वतः चालत गाडीपर्यंत गेल्या. बुरख्यात होत्या, चाचांच्या हाताला धरून. माझ्या बायकोजवळून जाताना थांबल्या. "बेटी, लोणच्याची बरणी घेऊन जा. खाली ठेवू नको, मुंग्या लागतील." मग गाडीत बसल्या. चाचा त्यांच्याशेजारी बसले. जमादाराने सांगण्याची वाट त्यांनी पाहिली नाही.

पुढचे काही दिवस मी तिकडे फिरकलो नाही. अडत्या परत आला, आम्ही पडद्याच्या या बाजूला राहत होतो एवढ्यावर समाधान मानून त्याने आम्हा दोघांना आपल्या पालात जागा दिली. लोक भेटायला येऊ लागले. "मुन्शी, तुम्ही ओरडला नसता तर सारा माळ गेला असता." पलीकडून बातमी आली होती. नर्सबाईने तपासले, आपांच्या जांघेत गाठ होती. टोचल्याचा ताप नव्हता. त्या हे दोन दिवस लपवून होत्या, भावापासूनसुद्धा. अडत्याने पोरांना माझ्या पाया पडायला लावले. मी पाय मागे घेतले, पण तोंडाने काही बोललो नाही. लोकांनी त्याला विनय समजून घेतले.

शेवटी एक दिवस गेलो. झोपड्यांच्या अलीकडे जमिनीवर चुन्याचा पांढरा पट्टा मारला होता, तो ओलांडायचा नाही. निरोप गेला, चाचा बाहेर आले आणि पट्ट्याच्या त्या बाजूला उभे राहिले. दाढी वाढली होती.

"आपा?" मी विचारले.

"हाय. बडबडते."

"चाचा, मी..."

"बेटी कशी हाय?"

"बरी हाय."

त्यांनी हनुवटीखालची दोरी चाचपली. मग म्हणाले, "मुन्शी, येक विचारतो. तू कोनत्या गाठीचं ओरडलास?"

तो कायदा केल्यापासून त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

"रस्सीची, चाचा," मी म्हणालो. "बसली होती. सुटत नव्हती."

खरे काय झाले ते आता लिहितो. त्या दिवशी सकाळीच बायकोने मला सांगितले होते, "आपा पाय वढत चालतायत. अन् हात सारखा पोटाखाली. मला काय खरं वाटत नाय." मी तिला गप्प केले. दिवसभर मी पडद्याकडे बघायचे टाळले. वावटळीत चाचा "सोड" म्हणाले तेव्हा मी शेपूट ओढले आणि रस्सी पहिल्याच हिसक्याला सुटली. लोण्यातून केस निघावा तशी. पालाचे तोंड वर उडाले, आत धुळीचा पिवळा उजेड पडला, आणि मला आपा दिसल्या. ज्या बाईला मी इतक्या वर्षांत डोळ्यांनी पाहिले नव्हते ती समोर होती, एक गुडघा दुमडून, दोन्ही हात जांघेवर दाबून, ओठ चावून. मी सुटलेली रस्सी हातात धरून ओरडलो, "आपा! गाठ! गाठ!" वाऱ्याने माझे शब्द नेले असे मी सांगतो. नेण्यासारखे आणखी शब्द नव्हतेच.

मी भ्यालो होतो. चुगली करावी असे मनात नव्हते. साप दिसल्यावर माणूस 'साप' म्हणून ओरडतो तसा ओरडलो. त्या ओरडण्याने कदाचित अडत्याची पोरे वाचली, कदाचित माझा मुलगा वाचला. त्या ओरडण्याला मी पाप मानत नाही, निदान रोज मानत नाही. मला झोप लागू देत नाही तो शब्द वेगळा आहे. 'रस्सीची.' तो मी भीतीने नाही, विचार करून उच्चारला.

चाचा माझ्याकडे बघत राहिले. ती रस्सी त्यांनी स्वतः बांधली होती. वावटळीनंतर तिचे टोक त्यांनीच जमिनीवरून उचलून गुंडाळले होते. ते तुटलेले नव्हते, कापलेले नव्हते. त्यांच्या हातची सुरगाठ बसत नाही हे मला ठाऊक होते तर त्यांना असणारच.

"बसली होती," ते हळू म्हणाले.

"व्हय."

"धूळ गेली असंल आत."

"व्हय, चाचा."

"बस. मग ठीक हाय." आणि ते झोपडीकडे वळले.

आपा त्या आठवड्यात गेल्या. चाचांना रोगाने शिवले नाही.

ऊन कडक झाले तसा रोग ओसरला आणि लोक शहरात परतले. आम्ही पुन्हा त्याच घरात, त्यांच्या मागच्या खोल्यांत. पुढच्या भागातून आता हसण्याचा आवाज येत नसे. मुलगा झाला तेव्हा चाचा दारात उभे राहून त्याला बघून गेले, आत आले नाहीत. मला तोंड दाखवणे कठीण झाले होते. मी बेगमपुऱ्याकडे एक खोली पाहिली आणि एका सकाळी सामान बांधायला घेतले.

ते दारात आले. मी एका ट्रंकेला दोरी आवळत होतो. ते वाकले, माझी दोरी सोडवली, आणि या वेळी पुन्हा बांधली नाही.

"कुठं चाललास?"

"जागा लहान पडती, चाचा. मुलगा झाला आता."

"पुढची खोली घे. मला येकट्याला काय करायची?"

"तसं नाय..."

"मुन्शी." ते ट्रंकेवर बसले. "लोक म्हनतात, मुन्शीनं बघितलं अन् ओरडला. मी म्हनतो, नाय, रस्सीचं ओरडला. सगळ्यांना सांगतो. अडत्याला सांगितलं, जमादाराला सांगितलं. तू हितं राह्यलास तर मी सांगत राहीन. तू गेलास, तर मला कळंल."

"काय कळंल, चाचा?"

ते माझ्या मुलाच्या झोळीकडे बघत बसले.

म्हणून मी राहिलो. लोकांना वाटले, केवढा लळा. लळा होताच. ते माझ्या मुलाला खांद्यावर घेऊन गुलमंडीला नेत, त्याच्याही टोपीला दोरी बांधत. त्याला त्यांनी उर्दू अक्षरे शिकवली. माझी बायको त्यांना दोन्ही वेळ जेवू घाली. पण त्या घरात मी एक दिवस निर्धास्त जेवलो नाही. कारण ते मध्येच विचारत. कधी दाढी करताना आरशातून, कधी बाजारात वांगी निवडताना, कधी चालता चालता थांबून. महिना महिना विचारत नसत आणि मग सहज, पाऊसपाण्याचे बोलावे तसे म्हणत, "रस्सीचीच ना, मुन्शी?"

"रस्सीचीच, चाचा."

"हौ."

 बायको ऐकत असली तर हातातले काम थांबवी आणि माझ्याकडे न बघता पुन्हा सुरू करी. सकाळी तिने मला काय सांगितले होते ते तिला ठाऊक होते. तिने मला आजवर काही विचारलेले नाही. पुष्कळदा वाटे, या खेपेला खरे सांगू. तोंड उघडे, आणि तेच दोन शब्द बाहेर येत. खोटेही पाठ झाले की प्रार्थनेसारखे आपोआप येते.

काही वर्षांनी ते आजारी पडले. साधाच आजार, म्हातारपणाचा. हकीम येऊन सांगून गेला की आता थोडेच दिवस. मी कामावरून रजा घेतली आणि त्यांच्या खाटेशी बसलो. मनाशी ठरवले होते, या खेपेला विचारतील तेव्हा नाही म्हणायचे. नाही, चाचा, रस्सीची नव्हती. ती सुटली होती, तुमच्या हातची होती, बसेल कशी? मी आपांना बघितले अन् ओरडलो. शब्द नुसते ओठांवर धरून बसलो होतो.

ते शुद्धीवर होते. माझ्या मुलाने अभ्यास केला का ते विचारले. माझ्या बायकोला म्हणाले, भातात मीठ जास्त पडले होते. खिडकी लागली आहे का ते दोनदा विचारले. मग पुष्कळ वेळ माझ्याकडे बघत पडून राहिले, आणि मी पुढे वाकलो.

त्यांनी विचारले नाही.